तुम्ही विचारलंत म्हणून : टीबीची पट्टी का निघत नाही?

मी कोल्हापुरात सेन्सरवर संशोधन करतो असे कळले की, लग्नाच्या पंगतीत असो वा गगनबावड्याकडच्या आरोग्य केंद्रात, एक प्रश्न हमखास येतो : बोटाला टोचून साखर क्षणात कळते, तर तशीच स्वस्त पट्टी टीबीसाठी का निघत नाही?

रक्तात साखर लिटरला साधारण 1 ग्रॅम असते, त्यामुळे कोणताही थेंब घ्या, ती त्यात असतेच. क्षयाच्या जंतूंचे तसे नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसायला 1 मिलिलिटर बेडक्यात सुमारे 5,000 ते 10,000 जंतू लागतात, आणि लहान मुलांच्या किंवा एचआयव्हीबाधितांच्या नमुन्यात ते पुष्कळदा याहून फार कमी असतात. समजा, मिलिलिटरला 100 जंतू आहेत आणि सूक्ष्म सेन्सरवर 1 मायक्रोलिटरचा थेंब ठेवला. मिलिलिटरचे असे 1,000 थेंब होतात. म्हणजे दहांतल्या निदान नऊ थेंबांत जंतूच नसणार, आणि जे थेंबात नाही ते कितीही संवेदनशील सेन्सरला कुठून सापडणार? सेन्सर लहान करण्याचे आम्हाला भारी कौतुक, पण अडचण त्या लहानपणातच आहे.

आमच्या क्षेत्रातली लाडकी रचना म्हणजे एका टोकाला धरलेली सिलिकॉनची अतिसूक्ष्म पट्टी. तिच्यावर क्षयजंतू ओळखणारी प्रतिपिंडे बसवतात. जंतू चिकटला की वजन वाढते आणि पट्टीच्या कंपनांची वारंवारिता घटते. हवेत हे छान चालते. द्रवात मात्र कंपने दबतात, शिवाय बेडक्यातला श्लेष्मा आणि तोंडातले इतर जंतूही पट्टीवर येऊन बसतात. म्हणूनच शोधनिबंधातला आलेख पाहण्याआधी मी नमुना रुग्णाचा होता की स्वच्छ द्रावणात सोडलेल्या जंतूंचा, ते पाहतो.

गोव्याच्या मोलबायो कंपनीच्या ट्रूनॅट चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये मान्यता दिली. तिच्यात एक स्वतंत्र यंत्र नमुन्यातून फक्त डीएनए वेगळा काढते आणि दुसरे तो चिपवर पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढून, वाढवून ओळखते. ही यंत्रे बॅटरीवर, म्हणजे वीज गेली तरी चालतात, आणि गगनबावड्याचा पावसाळा ज्यांनी काढला आहे त्यांना याचे मोल सांगायला नको. तरीही ती साखरेच्या चाचणीसारखी पट्टी नव्हे. माझ्या मते पैसा आणि डोके आता नव्या सेन्सरपेक्षा सगळ्या नमुन्यातले जंतू सेंट्रिफ्यूजशिवाय (नमुना वेगाने फिरवून जड भाग तळाशी बसवणाऱ्या यंत्राशिवाय) एका थेंबात गोळा करणाऱ्या चुंबकीय कणांवर आणि गाळण्यांवर लावायला हवे.