पहिल्या घोटातच

तणाबद्दल आपली तक्रार ठरलेली असते, खत खातं, पाणी पितं, ऊन अडवतं. पण गाजरगवतासारखी काही तणं एवढ्यावर भागवत नाहीत, ती शेजारच्या बीला धड उगवूच देत नाहीत.

गाजरगवतात पार्थेनिन नावाचं कडू रसायन असतं. पावसात ते पानांवरून धुऊन खाली उतरतं, मुळांतूनही झिरपतं, आणि उपटून तिथेच टाकलं तर कुजणाऱ्या पाल्यातून परत जमिनीत जातंच. आता मातीत एखादं कोरडं बी पडलंय, पाण्याची वाट बघतंय, पाणी आलं की ते घटाघटा पितं आणि नेमकं त्याच पाण्यात हे मिसळलेलं! बी मरतंच असं नाही हं. बऱ्याचदा मोड येतो, पण मूळ आखूड राहतं, टोक काळपट पडतं, केशमुळं नीट फुटत नाहीत, म्हणजे उगवलं तर खरं पण पुढे प्यायचं कशाने?

ह्या प्रकाराला अॅलेलोपॅथी हे नाव हान्स मोलिश ह्या शास्त्रज्ञाने १९३७ मध्ये दिलं. त्यावरचा नेहमीचा प्रयोग एकदम सोपा, तणाचा पाला पाण्यात भिजवून गाळायचा, एका पेट्री डिशमध्ये (काचेच्या उथळ बशीत) ते पाणी, दुसरीत साधं, दोन्हीकडे सारख्या बिया, मग मोड मोजायचे आणि मुळं पट्टीने मापायची. छान आहे, पण माझा त्यावर पूर्ण भरवसा नाही. डिशमध्ये माती कुठे असते? मातीतले जिवाणू ही रसायनं खाऊन टाकतात, चिकणमाती काही धरून ठेवते, आणि अर्क पातळ असेल तर कधीकधी मूळ उलट जास्तच वाढतं. शिवाय शेतात रोप खुरटलं ते रसायनामुळे की तणाने पाणी पळवलं म्हणून, हे वेगळं काढणं महाकठीण.

आणि पिकं काय बिचारी गप्प बसतात? ज्वारीच्या मुळांतून सॉर्गोलिओन नावाचं रसायन सुटतं, ते बारीक बियांच्या तणांना चांगलंच दाबतं. पण गंमत म्हणजे त्याच मुळांतून स्ट्रायगोलॅक्टोन नावाची रसायनं पण सुटतात, स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला बोलवायला, आणि ते निमंत्रण भलताच ऐकतो, टारफुला, म्हणजे दुसऱ्याच्या मुळांवर जगणारं तण! त्याचं धुळीएवढं बी वर्षानुवर्षं मातीत झोपून असतं, हा सिग्नल मिळाला की उठतं आणि ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचंच रक्त पितं.

ह्या टारफुल्याला फसवतो तो कापूस. त्याच्याही मुळांतून तसलंच रसायन सुटतं, १९६६ मध्ये ह्याच कुळातलं स्ट्रायगॉल पहिल्यांदा सापडलं तेही कापसाच्याच मुळांत. टारफुल्याचं बी ते ऐकून आनंदाने रुजतं, पण कापसाच्या मुळात त्याला शिरताच येत नाही, आणि जवळ साठा इतका कमी की थोड्याच दिवसांत उपाशी मरतं.