शून्याच्या पुढे सोळा बाइट

चाकणच्या एका कारखान्यात बसवलेला आमचा गेटवे, म्हणजे एका नेटवर्कमधली पॅकेट दुसऱ्यात नेणारं मशीन, मागच्या महिन्यात एका दुपारी अचानक पडायला लागला. उठायचा, पहिलं पॅकेट आलं की पुन्हा पडायचा. तिथल्या माणसाने सीरियल केबल लावून लॉग पकडला आणि बाणेरच्या ऑफिसात माझ्याकडे पाठवला. लॉगमध्ये ओळखीची ओळ होती: कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, नल पॉइंटरवरून (कशाकडेच न दाखवणाऱ्या, शून्य असलेल्या पॉइंटरवरून) वाचायचा प्रयत्न केला, मेमरीतला पत्ता हेक्समध्ये १०. म्हणजे शून्याच्या पुढे सोळा बाइट.

हा पत्ता कधीही वरवर वाचून सोडू नये. पॉइंटर शून्य असतो तेव्हा प्रोसेसर ज्या पत्त्यावर अडखळतो, तो खरं तर स्ट्रक्चरमधल्या त्या फील्डचं ऑफसेट, म्हणजे स्ट्रक्चरच्या सुरुवातीपासूनचं अंतर, असतो. आमचा गेटवे लिनक्सच्या ५.१० कर्नलवर चालतो. त्यातलं आयपीचं 'इन-डिव्हाइस' स्ट्रक्चर (एका नेटवर्क इंटरफेसची आयपीची माहिती यात असते) पाहोल या टूलने उलगडून बघितलं, तर पहिले आठ बाइट नेट डिव्हाइसचा पॉइंटर, मग चार बाइट रेफरन्स काउंट (ते स्ट्रक्चर किती जण वापरतायत त्याची मोजणी), चार बाइट 'डेड' फ्लॅग, आणि बरोबर सोळाव्या बाइटपासून त्या इंटरफेसवरच्या आयपी पत्त्यांची यादी. कोडची ओळ शोधायच्या आधीच कळलं, की कोणीतरी एका इंटरफेसची पत्त्यांची यादी मागितली होती आणि त्या इंटरफेसला इन-डिव्हाइसच नव्हतं.

मागणारं मॉड्यूल आमचंच. कर्नलमधल्या नेटफिल्टर या पॅकेट तपासणाऱ्या भागाच्या प्री-राउटिंग हुकवर, म्हणजे पॅकेटची पुढची वाट ठरायच्या आधीच्या थांब्यावर, बसतं, येणारं प्रत्येक आयपी पॅकेट त्यातून जातं, आणि हिशोब ठेवण्यासाठी त्या इंटरफेसचा स्थानिक पत्ता वाचतं. हे सगळं सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टच्या संदर्भात, चालतं. साध्या प्रोसेसमध्ये ऊप्स (कर्नलच्या कोडमधली अशी चूक) झाला तर बहुतेक वेळा ती एक प्रोसेस मरते. इंटरप्टच्या संदर्भात झाला तर कर्नलला मारायला प्रोसेसच सापडत नाही, आणि अख्खं मशीन पॅनिक होतं.

माझ्या टीममधला एक मुलगा, कॉलेजमधून नुकताच आलेला, म्हणाला, "मॅडम, नल चेक टाकला की झालं ना? मी लगेच पॅच देतो." मी म्हणाले, "टाकू रे, पण आधी तो नल कसा झाला ते सांग. इंटरफेस तर चालू होता."

उत्तर कर्नलच्या आयपीव्ही४ चे इंटरफेस सांभाळणाऱ्या सोर्स फाइलमध्ये आहे, आणि ते मला फार आवडतं. १९८१ च्या आरएफसी ७९१ या आयपीच्या मानकाप्रमाणे प्रत्येक नेटवर्कला ६८ बाइटचं आयपी पॅकेट तुकडे न करता नेता आलंच पाहिजे: जास्तीत जास्त ६० बाइट हेडर आणि किमान ८ बाइटचा तुकडा. लिनक्स हे शब्दशः पाळतो. इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ६८ च्या खाली गेला, की कर्नल त्या इंटरफेसवरचं आयपी बंद करतो, पत्ते काढून टाकतो आणि इन-डिव्हाइसचा पॉइंटर नल करतो. इंटरफेस मात्र 'अप'च राहतो. साध्या इथरनेट कार्डावर इतका लहान एमटीयू लावताच येत नाही, कर्नल नकार देतो. व्हीलॅनला, म्हणजे त्याच कार्डावर बनवलेल्या आभासी इंटरफेसला, मात्र खालची मर्यादा शून्य आहे. कारखान्यात कोणीतरी मशीनच्या व्हीलॅनचा एमटीयू भरताना १५०० च्या जागी १५ भरलं होतं. ती सेटिंग डिस्कवर गेली, त्यामुळे रीबूट करूनही सुटका नव्हती.

पॅकेट आत येतच राहतात, कारण घेताना एमटीयू कोणी बघत नाही. कर्नलचा स्वतःचा राउटिंग कोड पुढे हे तपासतो. तिथे इन-डिव्हाइस नल असेल तर पॅकेट सोडून देतात, आणि वर कॉमेंट आहे: या डिव्हाइसवर आयपी बंद आहे. आमचा हुक त्याच्या आधी चालतो, आणि त्याच्यात ती तपासणी नव्हती. तेव्हा नल ही इथे बिघाडाची खूण नाही. ती या इंटरफेसची एक रास्त अवस्था आहे, आणि आमच्या कोडने ती ओळखायला हवी.

आता वेगाचा प्रश्न. गेटवेला १० गिगाबिटचे पोर्ट आहेत. सगळ्यात लहान, ६४ बाइटच्या फ्रेम धरल्या तर सेकंदाला १ कोटी ४८ लाखांहून जास्त पॅकेट, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ही साधारण २०० सायकल होतात. एकदा मुख्य मेमरीपर्यंत जाऊन आलं की यातला बराचसा वेळ संपतो. त्यामुळे आमच्याकडे या हुकमध्ये एक ओळ जरी वाढवायची म्हटली तरी लोक हात आखडता घेतात. ती काळजी रास्त आहे, पण ती योग्य ओळीबद्दल हवी.

त्या मुलाचा पहिला पॅच बघा. तो सुरक्षिततेच्या बाजूने फार पुढे गेला होता: इन-डिव्हाइसचा रेफरन्स काउंट वाढवायचा, काम करायचं, मग कमी करायचा. बरोबर आहे, क्रॅश होणार नाही. पण प्रत्येक कोअरवरचं प्रत्येक पॅकेट त्याच एका काउंटरवर अ‍ॅटॉमिक (एका वेळी एकालाच जमेल असं) लिहिणार, आणि ती कॅशलाइन, म्हणजे कॅशमधला तो मेमरीचा तुकडा, कोअर-कोअरमध्ये पळत राहणार. सोसायटीच्या गेटवर एकच वही ठेवून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाला सही करायला लावण्यासारखं. आणि नेटवर्क सेटिंग बदलताना घेतात त्या आरटीएनएल लॉकचा तर विचारच नको, तो म्यूटेक्स, म्हणजे वाट बघताना झोपवणारा लॉक, आहे, सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये झोपता येत नाही.

याची गरज नसते, कारण आरसीयू, म्हणजे वाचणाऱ्याला लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत, तिथे आधीच हजर असतो. नेटफिल्टरचे हुक चालतात तेच आरसीयूच्या रीड सेक्शनमध्ये. २००२ साली २.५ मालिकेत आरसीयू लिनक्समध्ये आला, आणि प्रीएम्प्शन नसलेल्या कर्नलमध्ये वाचणाऱ्याच्या बाजूला लॉक म्हणून एकही इन्स्ट्रक्शन खर्ची पडत नाही. काढून टाकणारा पॉइंटर नल करतो, पण जुनी मेमरी सगळे वाचणारे बाहेर पडेपर्यंत सोडत नाही. आपल्याला फक्त पॉइंटर एकदाच वाचायचा असतो.

'एकदाच' यावरच सगळं अडतं. दुसऱ्या पॅचमध्ये त्याने काउंट काढला आणि लिहिलं: पॉइंटर नल नसेल, तर डिव्हाइसमधून पॉइंटर घेऊन यादी वाच. तपासताना एक वाचन, वापरताना दुसरं. या दोन वाचनांच्या मध्ये दुसऱ्या कोअरवर कोणी एमटीयू बदलला, तर तपासलेला पॉइंटर एक आणि वापरलेला नल. टेस्टमध्ये हे वर्षानुवर्षं दिसणार नाही. योग्य पद्धत अशी: आरसीयू डीरेफरन्सने एकदा लोकल व्हेरिएबलमध्ये घ्यायचं, तेच तपासायचं, तेच वापरायचं. त्या मॅक्रोच्या पोटात रीड-वन्स (एकदाच वाच, अशी कंपायलरला सूचना) असतं, त्यामुळे कंपायलरही मागच्या दाराने पुन्हा वाचत नाही.

क्रमही सांभाळावा लागतो. २००९ मध्ये लिनक्सच्या 'टन' (tun, टनेलसाठीचा) ड्रायव्हरमध्ये, म्हणजे नेटवर्किंगच्याच कोडमध्ये, पॉइंटर आधी वापरला आणि नल चेक खाली लिहिला होता. जीसीसी या कंपायलरने विचार केला, वापरलाच आहे म्हणजे नल नसणारच, आणि चेक उडवून टाकला. त्यातून रूट, म्हणजे मशीनचे सगळे अधिकार, मिळवणारा एक्सप्लॉइट निघाला. तेव्हापासून कर्नल कंपाइल करताना नल चेक काढू नकोस असा फ्लॅग दिला जातो. मी हे त्याला सांगितलं, कारण व्हेरिएबल जिथे जाहीर करतो तिथेच भरायची सवय सगळ्यांना असते, आणि मग चेक आपोआप खाली जातो.

तिसरा पॅच नीट होता. लॅबमध्ये एमटीयू १५ केला, गेटवे उभा. मग एमटीयू परत १५०० केला, आणि गेटवे आडवा. या वेळी लॉगमधला मेमरीचा पत्ता हेक्समध्ये ३०.

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. एमटीयू पुन्हा ६८ च्या वर नेला की कर्नल नवीन इन-डिव्हाइस बनवतो, पण जुने पत्ते परत आणत नाही. यादी रिकामी, म्हणजे तिचा पॉइंटर नल. यादीतल्या प्रत्येक आयपी पत्त्याच्या स्ट्रक्चरमध्ये स्थानिक पत्ता ४८ व्या बाइटवर असतो, हेक्समध्ये ३०. आम्ही पहिलाच पॅच चाकणला पाठवला असता, तर तिथल्या माणसाने आपली चूक दुरुस्त केली त्या क्षणी मशीन पडलं असतं. असं कोणाच्याही वाट्याला येऊ नये. म्हणून यादीचा पॉइंटरही त्याच पद्धतीने, एकदा वाचून, तपासून.

नल निघाला तर पॅकेटचं काय करायचं, यावर मात्र आमचं चहा थंड होईपर्यंत बोलणं झालं. त्याचं म्हणणं ड्रॉप करू. मला ते पटलं नाही. आमचं मॉड्यूल हिशोब ठेवणारं आहे, निर्णय घेणारं नाही. पॅकेट तसंच पुढे सोडायचं. आयपी बंद असेल तर दोन पावलांवर राउटिंग कोड स्वतः ते टाकून देईल, आणि पत्ता नसलेल्या इंटरफेसवर येणारं डीएचसीपीचं (आपोआप आयपी पत्ता देणाऱ्या सेवेचं) उत्तर आपण अडवणार नाही.

मोजणी पॅकेटजेन या पॅकेट पाठवणाऱ्या टूलने केली, लहान फ्रेम, एक कोअर, आधी आणि नंतर. फरक दोन सलग मोजण्यांमध्ये एरवी पडतो तितकाच. असं का, ते कंपाइल झालेला कोड दाखवणाऱ्या ऑब्जडम्पमध्ये दिसतं: पॉइंटर रजिस्टरमध्ये आलेलाच आहे, त्यावर एक टेस्ट आणि एक जंप, आणि अनलाइकली (हे क्वचितच होईल, अशी कंपायलरला सूचना) लिहिल्यामुळे नलची वाट फंक्शनच्या शेवटी ढकललेली. प्रोसेसरचा प्रेडिक्टर ती जंप जवळपास नेहमीच बरोबर ओळखतो. नवी कॅशलाइन लागत नाही. तुलनेसाठी रेफरन्स काउंटवाला पॅचही सगळ्या कोअरवर चालवला. त्याचा परफ रिपोर्ट (कुठल्या ओळीवर किती वेळ गेला ते दाखवणारा) त्या मुलाने स्वतः उघडला आणि अ‍ॅटॉमिकच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "मॅडम, सगळा वेळ इथेच जातोय की."

आता टेस्टमध्ये ट्रॅफिक चालू असताना व्हीलॅनचा एमटीयू सतत खाली-वर होत राहतो. पुढचं काम आयपीव्ही६ च्या हुकचं. तिथे किमान हद्द ६८ नाही, १२८० आहे. १५ हा आकडा चुकूनच कोणी भरेल, पण टनेलसाठी १२०० ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे तो हुक या आठवड्यातच उघडतोय.