तुम्ही विचारलंत म्हणून: ऑपरेशननं पाऊल सरळ राहील का?

‘मुलाला शार्को-मारी-टूथ आहे, पाऊल आत वळलंय. ऑपरेशन केलं की मिटलं ना?’ नागपूरच्या धंतोलीत ओपीडीबाहेर बसलेले आईवडील हे विचारतातच. (हा हातापायांच्या नसांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, आनुवंशिक आजार. टूथ हे डॉक्टरांचं आडनाव, आजाराचा दातांशी संबंध नाही.) पाऊल सरळ होतं, नस बरी होत नाही. म्हणून नुसतं हाड सरळ करून भागत नाही. स्नायूंची ओढही बदलावी लागते, नाहीतर पाऊल पुन्हा वळतं.

या आजारात सगळे स्नायू सारखे थकत नाहीत. पाऊल वर उचलणारा टिबियालिस अँटिरिअर आणि बाहेर वळवणारा पेरोनियस ब्रेव्हिस आधी दुबळे होतात. पेरोनियस लाँगस आणि पाऊल आत ओढणारा टिबियालिस पोस्टेरिअर मात्र जोर धरून असतात. लाँगस अंगठ्यामागचं हाड खाली दाबतो, तळव्याची कमान चढते, टाच आत कलते. चप्पल पालथी करून बघा: बाहेरची कड झिजलेली असते. करंगळीच्या मुळाशी घट्टा असतो.

टाच अजून लवचीक आहे का, हे साधा लाकडी ठोकळा सांगतो. इंचभर जाड ठोकळ्यावर टाच आणि पावलाची बाहेरची कड ठेवून उभं करायचं, अंगठ्याची बाजू खाली मोकळी सोडायची, आणि मागून बघायचं. टाच सरळ झाली, तर मूळ दोष पुढच्या भागात आहे. नाही झाली, तर टाचेचं हाडही कापावं लागतं.

लवचीक पावलात तळव्याचा ताठर पडदा सोडवतात, लाँगस कापून ब्रेव्हिसला जोडतात, अंगठ्यामागच्या हाडातून वरच्या बाजूनं पाचर काढून ते उचलतात. पाऊल लोंबत असेल तर टिबियालिस पोस्टेरिअर नडगीच्या दोन हाडांमधून पुढे आणून पावलावर बसवतात. जागा बदललेल्या स्नायूचा जोर तपासणीच्या मोजपट्टीवर साधारण एक पायरी उतरतो, म्हणून आधीच दुबळा असलेला स्नायू हलवून उपयोग नसतो. टाचेचं हाड कापून बाहेर सरकवताना फार ओढलं, तर घोट्याच्या आतली नस दबते. टाचेमागची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा दोर) सरसकट लांब करू नये: पाऊल खाली झुकलेलं दिसतं ते पुष्कळदा पुढच्या भागामुळे, आणि ते उभ्यानं काढलेल्या एक्स-रेत कळतं. उगाच लांबवली तर चालताना रेटाच जातो.

सांधे ताठरले की पावलाच्या मागच्या भागातले तिन्ही सांधे जखडायची वेळ येते, आणि मग काही वर्षांनी घोटा झिजतो. म्हणून ‘पूर्ण वाकडं होऊ दे, मग बघू’ हे आम्हाला अजिबात पटत नाही.

नंतर साधारण 6 आठवडे प्लास्टर, सुरुवातीला पायावर भार नाही. पाय बधिर असल्यानं आत टोचलेलं कळत नाही. वास, डाग किंवा ताप आला तर त्याच दिवशी प्लास्टर उघडून घ्या. नागपूरच्या मे महिन्यात गच्चीच्या फरशीवर अनवाणी दोन मिनिटंही नको. फोड आलेला संध्याकाळी दिसतो. पावलाला आधार देणारा स्प्लिंट पुढेही लागू शकतो.

तपासणीला जाताना पायातली जुनी चप्पलच घालून जा, नवी नको.