जायचो आणि गेलो

स्पॅनिशच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात भूतकाळाचा धडा आला की एक आडवी रेघ येते. रेघेवर ठळक ठिपका, म्हणजे इन्देफिनीदो: काम झालं, संपलं. शेजारी नागमोडी ओळ, म्हणजे इम्पेर्फेक्तो: काम चालू होतं, कधी संपलं कोण जाणे. खाली इंग्रजीतून खुलासा. मग वर्गातली निम्मी मंडळी वहीत ठिपके आणि नागमोडी ओळी काढत बसतात, आणि तोंडातून वाक्य काही फुटत नाही. मला या रेघेचा मनापासून राग आहे. ज्यांच्या घरात दिवसभर 'जायचो' आणि 'गेलो' चालतं, त्यांना ती दाखवायचीच कशाला?

"सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो. विहिरीत पोहायचो, आजी पन्हं करायची. एकदा मामेभाऊ झाडावरून पडला." यातल्या जायचो, पोहायचो, करायचीला इम्पेर्फेक्तो, पडलाला इन्देफिनीदो. झाला धडा. तिथे 'पडायचा' म्हटलं तर भाऊ दर सुट्टीत पडायला लागतो, आणि स्पॅनिश माणसालाही ते ऐकून हेच हसू येतं. गोष्ट पुढे सरकली की इन्देफिनीदो, गोष्टीचा रंगमंच सजत असेल तर इम्पेर्फेक्तो. विहीर खोल होती, ऊन होतं, आजी साठीची होती, दुपारचे दोन वाजले होते, हे सगळं रंगमंचाकडे.

जुळणी शंभर टक्के नाही, हे कबूल. आपले 'जात होतो' आणि 'जायचो' हे दोघे स्पॅनिशमध्ये 'इबा' या एकाच रूपात मावतात. पण त्याबद्दल तक्रार नाही, कारण इम्पेर्फेक्तो म्हणजे या भाषेतला सगळ्यात गुणी काळ. अख्ख्या भाषेत त्याची अनियमित क्रियापदं फक्त तीन: असणे, जाणे आणि पाहणे. आणखी एक सुख म्हणजे लिंगाची कटकट नाही. आपल्याकडे पोळी खाल्ली, आंबा खाल्ला, लाडू खाल्ले. कर्माप्रमाणे क्रियापद नाचतं. तिकडे काहीही खा, कुणीही खा, 'मी खाल्लं'ला कोमी. बाई बोलतेय की बुवा, तेही क्रियापदावरून कळत नाही.

खरी गंमत 'माहीत असणे' आणि 'इच्छा असणे' अशा क्रियापदांत आहे. 'साबिया' म्हणजे मला माहीत होतं. तेच क्रियापद इन्देफिनीदोत घातलं की 'सुपे', म्हणजे मला कळलं. आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो, ते काळ बदलून भागवतात. 'नो केरिया इर' म्हणजे जायची इच्छा नव्हती. मग गेलात की नाही, ते गुलदस्त्यात. 'नो कीसे इर' म्हटलं की विषय संपला: नाही म्हणाले आणि गेले नाही. लग्नाला का आला नाहीत, या प्रश्नाला यातलं कुठलं उत्तर द्यायचं हे नीट विचार करून ठरवावं.

पुण्यात शिकताना मला हे दोनच भूतकाळ पुरेसे वाटायचे. माद्रिदला राहायला गेल्यावर तिसरा रोज दारात उभा. खालच्या मजल्यावरच्या आजीबाई दुपारी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "आस कोमिदो?" जेवलीस का? वरच्या मजल्यावर अर्जेंटिनातल्या ब्वेनोस आइरेसची एक मुलगी राहायची. तिचा प्रश्न तोच, रूप वेगळं: "कोमिस्ते?" माद्रिदमध्ये आज सकाळी, या आठवड्यात, या वर्षी जे घडलं त्याला 'ए कोमिदो' हा जोडकाळ लागतो; काल घडलेल्याला 'कोमी'. अर्जेंटिनात मात्र पाच मिनिटांपूर्वीचं जेवणही 'कोमी'. स्पेनमध्येसुद्धा गालिसियात आणि कॅनरी बेटांवर लोक साध्या रूपावरच भागवतात. त्यामुळे 'आज' असेल तर हा आणि 'काल' असेल तर तो, असा तक्ता पाठ करणाऱ्याची विमानातून उतरताक्षणी पंचाईत होते.

आणि माद्रिदमध्येही हा हिशेब घड्याळाचा नाही. जुन्या व्याकरणांतलं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. 'माझे वडील तीन वर्षांपूर्वी गेले' हे वाक्य साध्या भूतकाळात सांगितलं तर ती बातमी असते. तेच जोडकाळात, 'आ म्वेर्तो' म्हणून सांगितलं, तर तीन वर्षं उलटूनही ते दुःख बोलणाऱ्याच्या अंगावर आहे. नियमाप्रमाणे तिथे साधाच भूतकाळ हवा. पण कुठली गोष्ट मागे पडली आणि कुठली नाही, हे कॅलेंडरने ठरवायचं नसतं, ही सवलत भाषेने ठेवली आहे. वर्गात हे उदाहरण कुणी शिकवत नाही. परीक्षेत त्याला मार्क द्यायचे कसे, हा प्रश्न असावा.

इम्पेर्फेक्तोला तर भूतकाळाचंही फारसं बंधन नाही. मंडईत भाजीवाला विचारतो, "के केरिया?" काय हवं होतं? आपण म्हणायचं, अर्धा किलो टोमॅटो हवे होते. हवे आत्ताच आहेत, पण 'हवेत' म्हणणं जरा अंगावर येतं. यावर तिकडच्या वेटरांचा एक घासून गुळगुळीत झालेला विनोद आहे: "हवी होती? म्हणजे आता नकोय का कॉफी?" मराठी माणसाला हे समजवायला पान खर्च करावं लागत नाही. "जरा काम होतं तुमच्याकडे" म्हणत दारात उभ्या राहिलेल्या माणसाला, काम होतं म्हणजे आता नाही का, असं विचारून बघा.

मुलांचे खेळही याच काळात चालतात. घरासमोरच्या चौकात संध्याकाळी दोन पोरं खेळायची. मोठी सांगायची, "मी डॉक्टर होते आणि तू पडला होतास." धाकटा लगेच फरशीवर आडवा. खेळ अजून सुरू व्हायचाय, पण वाक्यं सगळी भूतकाळात: एरा (मी होते), एरास (तू होतास), आबियास ('पडला होतास'मधलं होतास). व्याकरणकारांनीही या वापराची नोंद केली आहे आणि त्याला खेळातला इम्पेर्फेक्तो असंच नाव दिलं आहे. आपल्याकडची पोरं म्हणतात, "मी चोर होतो, तू पोलीस हो." यातला 'होतो' हा 'होणे'चा वर्तमानकाळ आहे, पण दिसायला हुबेहूब 'असणे'चा भूतकाळ. त्यामुळे मराठी मुलांचा खेळ नेमका कुठल्या काळात चालतो, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक वापर मात्र मला सोसत नाही. वर्तमानपत्रांतल्या स्मरणलेखांत लिहितात, '14 एप्रिल 1931 रोजी दुसरं प्रजासत्ताक घोषित होत होतं.' एका दिवशी घडून गेलेल्या घटनेला इम्पेर्फेक्तो! फुटबॉलच्या वार्तांकनातही 89व्या मिनिटाला खेळाडू गोल 'करत होता', आणि गोल तर झालेला असतो. व्याकरण याला मान्यता देतं. मला तो निव्वळ तोरा वाटतो.

नावांचा घोळ पूर्वीपासूनचा आहे. 'इम्पेर्फेक्तो' म्हणजे अपूर्ण, आणि हे नाव आंद्रेस बेयो यांना पसंत नव्हतं. बेयो व्हेनेझुएलातल्या काराकासचे, जन्म 1781चा, उमेदीनंतरचं आयुष्य चिलीत गेलं. 1847 मध्ये त्यांनी खास अमेरिका खंडातल्या लोकांसाठी स्पॅनिश व्याकरण लिहिलं आणि काळांची नावं नव्याने पाडली. इम्पेर्फेक्तो झाला 'कोप्रेतेरितो', दुसऱ्या एका भूतकालीन घटनेच्या सोबतीने चाललेला. 'ए कोमिदो' झाला 'आन्तेप्रेसेन्ते', वर्तमानाच्या लगेच आधीचा. ठिपका आणि नागमोडी ओळ दोन्ही रद्द. कोण कुणाच्या आधी आणि कोण कुणाबरोबर, एवढंच. मेक्सिकोतली शाळकरी मुलं आजही कोप्रेतेरितोच म्हणतात. स्पॅनिशचं व्याकरण आणि शब्दकोश काढणाऱ्या माद्रिदच्या अकादमीने 2009च्या मोठ्या व्याकरणात पारंपरिक नावांच्या जोडीने बेयोंचीही नावं दिली. मला विचाराल तर जोडीला नको, आधी द्यायला हवी होती.

रूपांचं म्हणाल तर सगळी डोकेदुखी इन्देफिनीदोकडे. 'आब्लो'त 'आ'वर जोर दिला की 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला की 'तो बोलला'. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, आणि आघाताने अर्थ बदलण्याची सवय नसलेल्या आपल्या कानालाही सुरुवातीला सारखेच ऐकू येतात. लिहिताना शेवटच्या स्वरावर एक तिरकी रेघ देतात. फोनवरच्या घाईच्या निरोपांत ती बऱ्याचदा गळते, आणि मग 'येगो तार्दे' म्हणजे मला उशीर होतोय की त्याला उशीर झाला, हे पुढच्या निरोपाशिवाय कळत नाही. 'फुई' म्हणजे मी होते आणि 'फुई' म्हणजेच मी गेले. असणे आणि जाणे यांचा हा संसार समाईक आहे. शिवाय तूबे, पूसे, सूपे, दीखे अशी तिरपागडी रूपं निमूटपणे पाठ करायची.

त्यातलं 'चालणे'चं 'आंदूबे' तर स्पॅनिश लोकांनाही नीट जमत नाही. भलेभले 'आंदे' म्हणून मोकळे होतात, शुद्धलेखनवाले दर वेळी चिडतात, आणि पुढचा माणूस पुन्हा 'आंदे'च म्हणतो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईही आंदेवाल्याच. डॉक्टरांनी सांगितलेला फेरफटका मारून आल्या की जिन्यात धापा टाकत सांगायच्या, किती चालले ते. मी मनातल्या मनात 'आंदूबे' म्हणून घ्यायचे आणि त्यांच्या हातातली पिशवी घेऊन वर चढायचे.