मुंबई ते पणजी शिडाच्या बोटीने: दोन बॅटऱ्या, दोन सोलर पॅनेल आणि नको तो रिले

लिथियमची हाऊस बॅटरी (बोटीवरची उपकरणं चालवणारी) आणि लेड-ॲसिडची स्टार्टर बॅटरी (इंजिन सुरू करणारी) यांच्यामध्ये व्होल्टेज बघून दोन्ही आपोआप जोडणारा-सोडणारा रिले, म्हणजे स्विच, बसवू नका. शिडाच्या बोटीने कोकण किनारा उतरणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच. "एकदा बसवा आणि विसरून जा, दोन्ही आपोआप भरतात," असं म्हणून दुकानदाराने तो आमच्या गळ्यात मारला, आणि पैसे घेतले डीसी-डीसी चार्जरच्या (एकीकडची वीज मोजून-मापून दुसऱ्या बॅटरीला देणाऱ्या उपकरणाच्या) तोडीचे.

आमची तीस फुटी बोट. इंजिनाला एजीएम (बंद प्रकारची लेड-ॲसिड) बॅटरी. ऑटोपायलट, प्लॉटर (नकाशाचा पडदा), एआयएस (आसपासची जहाजं दाखवणारी यंत्रणा), फ्रिज, नांगरावरचा दिवा, हे सगळं 100 अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेटवर. मागच्या कठड्याला डावीउजवीकडे 100 वॉटचं एकेक पॅनेल, दोन्ही सिरीजमध्ये, एकाच एमपीपीटीवर, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणाऱ्या कंट्रोलरवर.

असा रिले साधारण 13.3 व्होल्टला जोडतो आणि 12.8 ला सोडतो. दोन्ही बॅटऱ्या लेड-ॲसिडच्या असतील तर ठीक चालतं, कारण चार्जिंग थांबलं की त्या 12.7 च्या आसपास उतरतात आणि रिले सुटतो. लिथियम मात्र नुसती पडून असली तरी 13.2-13.3 दाखवते, आणि बरीच रिकामी होईपर्यंत 12.8 च्या खाली येत नाही. म्हणजे रिले रात्रंदिवस जोडलेलाच. त्याचा परिणाम विजयदुर्गाच्या तोंडावर दिसला.

रत्नागिरीहून तिथवर पंचवीस-सव्वीस सागरी मैल. पूर्णगडच्या पुढे जाळ्यांचे बोये इतके दाट होते की पाण्यावरून नजर हटवायची सोय नव्हती. किल्ल्यापाशी पोचेपर्यंत उजेड कमी झाला होता. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली बांधलेली भिंत आहे, त्यामुळे लांबून वळसा घेऊन उत्तरेकडून खाडीत शिरायचं. शिडं उतरवण्याआधी इंजिनाची चावी फिरवली आणि प्लॉटर, खोलीमापक, ऑटोपायलट, सगळं एका क्षणात काळं. स्टार्टरने मागितलेला प्रवाह जोडलेल्या रिलेतून लिथियमकडूनही ओढला गेला आणि तिच्या बीएमएसने (बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने) स्वतःला तोडून घेतलं. इंजिन सुरू झालं, पण भिंत कुठे आहे ते दाखवणारं काही उरलं नाही. एकाने सुकाणू धरलं, दुसऱ्याने फोनवरचा नकाशा, आणि तसेच आत गेलो. नांगर टाकल्यावर हात थरथरत होते.

याहून वाईटही होऊ शकतं. अल्टरनेटर (इंजिनावर फिरणारं जनित्र) चार्ज करत असताना बीएमएसने बॅटरी तोडली तर व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात.

दुसऱ्या दिवशी रिलेची केबल काढली, टोकाला टेप गुंडाळला. स्टार्टर बॅटरी अल्टरनेटरवर, हाऊस बॅटरी फक्त सूर्यावर. मग सावलीचं गणित नीट पाहिलं. हिवाळ्यात दक्षिणेकडे जाताना सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, शीड उजवीकडे जातं. सूर्य डावीकडे पुढे, सावली उजव्या पॅनेलवर. दुपारनंतर वायव्येचा वारा, शीड डावीकडे, सूर्य उजवीकडे पुढे, सावली डाव्या पॅनेलवर. थोडक्यात, एक पॅनेल नेहमी झाकलेलं. आमच्या पॅनेलांत बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा देणारे) नव्हते, त्यामुळे सिरीजमध्ये झाकलेलं पॅनेल उघड्याचाही प्रवाह अडवत होतं. सुट्या भागांत वाय-जोड (दोन तारा एकीत आणणारे) होते; पॅनेल पॅरलल केली आणि एमपीपीटीचा आकडा तिथल्या तिथे दुपटीच्या वर गेला. जोडणीची डबी उघडून हे करायला अर्धा तास लागला. मुंबईत पैसे मोजून कामाला लावलेल्या माणसाला हे सुचू नये याचा राग अजून गेलेला नाही.

तरी 200 वॉटकडून फार आशा नको. एक बाजू झाकलेली, वर उन्हात तापलेलं पॅनेल (25 अंशांच्या वर दर अंशाला साधारण 0.4 टक्के कमी), असं धरून दिवसाला पस्तीस-चाळीस अँपिअर-तास मिळाले. फ्रिज आणि ऑटोपायलट दोन्ही सतत चालवले तर खर्च साठच्या पुढे जातो. आम्ही फ्रिज बंद केला. मासे रोज ताजे मिळतात, फ्रिज हवाच कशाला?

देवगड, मालवण, वेंगुर्ला मजेत झालं, बॅटरीकडे बघावंसुद्धा लागलं नाही. आग्वादच्या दीपगृहाखालून मांडवीत शिरलो तेव्हा हाऊस बॅटरी पूर्ण भरलेली होती, आणि सूर्यावर चाललेली बोट याहून सुंदर काही नाही असं मला तेव्हाही वाटलं, आताही वाटतं.

निघण्याआधी एवढं करा. रिलेच्या जागी अल्टरनेटरकडून लिथियमकडे डीसी-डीसी चार्जर. तो नसेल तर लहान अल्टरनेटर लिथियमची भूक भागवताना तापून जळतो. शक्य असेल तर प्रत्येक पॅनेलला वेगळा एमपीपीटी. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्याच, साधं तांबं खाऱ्या हवेत आतून हिरवं पडतं. प्रत्येक बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. पॅनेलवरचं मीठ रोज संध्याकाळी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. आणि कंट्रोलर काढायचा असेल तर आधी पॅनेल सोडवा, मग बॅटरी. लावताना आधी बॅटरी, मग पॅनेल.