लेकीसाठी २० इंची इलेक्ट्रिक गिटार घरी बनवली, त्याचा अनुभव

सहा वर्षांच्या पोरीला मोठी गिटार का चालत नाही हे आधी घरच्यांना पटवावं लागलं, कारण आईचं म्हणणं सरळ होतं, शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा घेतोस ना मग गिटार पण तशीच घे. माझ्याकडे स्ट्रॅटोकास्टरची (फेंडरचं प्रसिद्ध इलेक्ट्रिक गिटार मॉडेल) एक जुनी कॉपी आहे, तिचं स्केल म्हणजे नट (खुंट्यांकडची खाचांची पट्टी) ते सॅडल (दुसऱ्या टोकाचा तारेचा टेकू) तारेची लांबी २५.५ इंच, ६४८ मिमी. ती मांडीवर दिली की पोरीचा हात पहिल्या फ्रेटपर्यंत (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) जाताना कोपर पार सरळ होतं आणि सरळ हाताने बोटात जोर येतच नाही. मग कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावून एकेक फ्रेट पुढे सरकवत गेलो, चौथ्या फ्रेटला आल्यावर कोपर नीट दुमडलं, खांदाही खाली आला. तिथून सॅडलपर्यंत ५१४ मिमी भरतं, म्हणून २० इंच, ५०८ मिमी धरलं. बरोबर वीसच का याला अजून एक कारण आहे, ते पुढे येईल.

रेडिमेड बघितल्या होत्या. आयबानेझची मायक्रो २२.२ इंची, स्क्वायरची मिनी स्ट्रॅट २२.७५, दोन्ही चांगल्या आहेत पण माझ्या मते त्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांच्या. त्याहून लहान जे स्वस्तात मिळतं ते खेळणं असतं, सुरात राहत नाही, आणि बेसूर वाद्य लहान मुलाला देणं मला पटत नाही, कान तयार व्हायच्या वयात तर नाहीच. मी कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपमध्ये आहे, मशीन हाताशी आणि मालक गाणंप्रेमी, त्यामुळे म्हटलं करूनच बघू.

लाकडासाठी आधी मिरजेला गेलो. गिटारचा तसा तिथे संबंध नाही, पण सतार-तंबोऱ्याची गल्ली आहे, दीडेकशे वर्षं तेच काम चाललंय, २०२४ ला मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) पण मिळाला. एका वयस्कर कारागिरांना नेकचं, म्हणजे गिटारच्या मानेचं, विचारलं. ते म्हणाले दांडीला आम्ही तूनचं लाकूड वापरतो, पण तुमची मान बारीक आणि वर लोखंडी तारांचा ताण, तुम्ही जुनं सागवान शोधा, वाड्याचा वासा मिळाला तर सोनं. तसा वासा एका वखारीत मिळाला, पाडलेल्या घरातला, खिळे काढून रंधा मारला तर आत सरळ रेषा, एक गाठ नाही. वर्षानुवर्षं वाळलेलं लाकूड सहसा वाकत नाही.

नेक तीन पट्ट्यांचा केला, दोन बाजूंना सागवान, मधे शिसवीची पट्टी, फ्रेटबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवायची फळी, पण शिसवीचाच. सागवानात तेल असतं, चिकटवायच्या आधी थिनरने पुसून लगेच गोंद लावायचा, नाहीतर जोड पुढे सुटू शकतो. ट्रस रॉड (नेक वाकू नये म्हणून आत घालतात ती लोखंडी सळई) बसवला नाही. बाजारातला रॉड सहसा १८ इंची असतो आणि माझा फ्रेटबोर्ड नटपासून विसाव्या फ्रेटपर्यंत फक्त ३४८ मिमी, त्यामुळे आत कार्बन फायबरचे दोन चौकोनी बार बसवले, ड्रोन-विमानं बनवणारे वापरतात तेच, वजन जवळपास शून्य.

फ्रेटचं गणित लोकांना अवघड वाटतं पण हा सगळ्यात सोपा भाग आहे. स्केलला १७.८१७ ने भागा, पहिला फ्रेट तिथे, म्हणजे २८.५१ मिमी, उरलेल्याला पुन्हा १७.८१७ ने भागा, दुसरा फ्रेट, असंच पुढे, आणि बारावा बरोबर निम्म्यावर २५४ ला आला पाहिजे, आला नाही तर आकडेमोड परत करा. फक्त मार्किंग करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्यायचं, या फ्रेटपासून त्या फ्रेटपर्यंत मोजत गेलात तर चुकीत चूक मिळत जाते. मी मिलिंग मशीनवर ०.६ मिमीचा स्लिटिंग कटर लावून डीआरओवर (मशीनचं माप दाखवणारा डिजिटल पडदा) आकडे बघत खाचा पाडल्या. ज्यांच्याकडे मशीन नाही त्यांनी कागदावर प्रिंट काढून चिकटवलं तरी चालतं, पण प्रिंटर कधीकधी थोडं लहान छापतो म्हणून कागदावर २५४ भरतंय का ते आधी पट्टीने बघा. खाचा पाडून झाल्यावर फ्रेटबोर्डला गोलाई दिली, मग कडेला खाचा उथळ होतात, त्या हाताने करवतीने खोल केल्या.

आता खरी गोष्ट, तारा. स्केल लहान केलं की तीच तार त्याच सुरात ढिली पडते, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. ५०८ भागिले ६४८ म्हणजे ०.७८, त्याचा वर्ग ०.६१. म्हणजे मोठ्या गिटारवर १० नंबरच्या सेटचा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच जाड) एकूण ताण ४६-४७ किलो असतो तो इथे २९ वर येतो. ऐकायला भारी वाटतं, लहान बोटांना हलकं, पण तार इतकी ढिली की फ्रेटवर खरखर करते आणि जरा जोरात दाबली की सूर वर चढतो, आणि लहान मुलं जोरातच दाबतात. मी ११ चा सेट लावला, ताण ३३ किलोच्या आसपास येतो, हे मला बरोबर मधलं वाटलं. काही जण अशी छोटी गिटार सरळ पाच फ्रेट वर चढवून ए ला लावतात, गिटालेले (युकुलेलेच्या आकाराची छोटी गिटार) तशीच असते, पण पोरीने माझ्याबरोबर वाजवावं आणि क्लासला जाऊन तेच कॉर्ड तेच सूर यावेत ही माझी इच्छा, म्हणून नेहमीचेच सूर, ई ते ई.

जाड तार लहान लांबीवर अजून कडक वागते, त्यामुळे सॅडल मागे जास्त न्यावं लागतं. ब्रिज, म्हणजे सॅडल ज्यावर बसतात तो भाग, बसवताना बारीक ई चं सॅडल जवळपास पूर्ण पुढे घेऊन ते ५०८ ला धरलं, म्हणजे बाकी सगळी जागा मागे सरकवायला राहिली. जाड ई पाचेक मिमी मागे गेली तेव्हा कुठे बाराव्या फ्रेटचा सूर आणि हार्मोनिक (तिथे तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर) जुळले.

नटची रुंदी ३९ मिमी ठेवली, मोठ्या गिटारला ४२ असते. अजून कमी करायचा मोह झाला होता पण मग एक बोट दोन तारांवर बसतं. ब्रिजवर मात्र नेहमीचं ५२ च ठेवलं, उजव्या हाताला मोकळी जागा बरी. आणि नटच्या खाचा! लहान मुलांच्या गिटारचा अर्धा त्रास इथे असतो आणि कोणी बघत नाही. तिसऱ्या फ्रेटला तार दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर फट बघायची, जेमतेम कागद जाईल एवढीच पाहिजे. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटला तार दाबताना बोट दुखतं, मूल गिटार बाजूला ठेवतं आणि आपण म्हणतो हिला आवड नाही.

बॉडी शिवणीची, हलकं लाकूड, नेहमीच्या ४५ ऐवजी ३२ मिमी जाड. कडा सगळ्या भरपूर गोल केल्या. पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक-कॉइल) एकच, ब्लेडवाला हंबकर (खिळ्यांऐवजी सलग पट्टी असलेला दुहेरी कॉइलचा प्रकार), त्यात तार कुठल्या खिळ्यावर येते याची भानगड नाही. ५०० के चा एक पॉट (आवाजाची चकती), टोन नाही, स्विच नाही. आतून तांब्याची फॉइल, ब्रिजखालून अर्थची वायर. ॲम्प ९ व्होल्ट बॅटरीवरचा छोटा, प्लगवाला तिच्या हातात एवढ्यात देणार नाही. पूर्ण वजन १ किलो ९०० ग्रॅमच्या आत आलं, माझी मोठी साडेतीन किलोची आहे.

रंग तिला जांभळा हवा होता. पॉलिशवाले स्पिरिटमध्ये कालवतात तो पावडर रंग तुकड्यावर लावून बघितला, शिवण पिवळसर, त्यावर लाख पॉलिश पण पिवळसर, जांभळ्याचा चिखल झाला. लालवर तडजोड झाली, तीही बरीच रडारड होऊन. लाखेचं पॉलिश मुद्दाम निवडलं, पातळ हात लवकर वाळतो, आणि पोरं वाद्याला तोंड लावतातच. तारांची टोकं कापून आत वळवली, ते विसरू नका, खुंटीजवळचं टोक बोटात घुसतं.

सुरुवातीला फक्त जी, बी, ई या तीन बारीक तारा लावल्या, एक-दोन बोटात कॉर्ड होतो. दोनेक आठवडे बरं चाललं, मग "पप्पा, ह्या तीन खुंट्या रिकाम्या का, दुकानातून तारा कमी दिल्या का?" झाल्या सहाच्या सहा लावून.

आता ते विसाचं कारण. ५०८ स्केलवर विसावा फ्रेट ब्रिजपासून १६० मिमीवर येतो. २२.५ इंची स्केलवर, म्हणजे फेंडरने १९५६ ला शिकणाऱ्यांसाठी काढलेल्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिकचं स्केल, बाविसावा फ्रेट ब्रिजपासून १६०.४ वर येतो. फरक ०.४ मिमी, सॅडलच्या स्क्रूत निघून जाईल. म्हणजे नेक चिकटवलेला नसून स्क्रूचा असेल तर हिचा हात वाढल्यावर बॉडी, ब्रिज, वायरिंग कशालाच हात न लावता नुसता दोन फ्रेट लांब नेक त्याच खाचेत बसतो. तेव्हा ११ चा सेट काढून १० चा लावायचा. त्याच वाशाचे तुकडे चिकटवून कपाटावर ठेवलेत, कोल्हापूरचा पाऊस एकदा खाऊ दे, मग पट्टी लावून सरळ राहिलाय का बघतो आणि त्यानंतरच आकार देतो.