माथेरानची मिनी ट्रेन: कुणी "शटल बंद आहे" म्हणालं तर ऐकू नका

सरळ सांगते. माथेरानला जाताना गाड्यांचा रस्ता जिथे संपतो त्या दस्तुरी नाक्यावर कुणीही, कितीही आपुलकीनं "ताई, आज शटल बंद आहे" म्हणालं तर मान डोलवायची आणि चालत राहायचं. शटल म्हणजे अमन लॉज ते माथेरान फेऱ्या मारणारी मिनी ट्रेन. अमन लॉज स्टेशन नाक्यावरून जेमतेम पाच मिनिटांवर आहे, खिडकीशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे सातशे रुपये आणि आईचा रविवार वाचला असता.

झालं असं की आईला कित्येक वर्षांपासून नेरळ ते माथेरान मिनी ट्रेननं जायचं होतं. गुडघे दुखतात, वय ६७, पण गाडीत बसून डोंगर चढायचा म्हणजे तिला जमण्यासारखं. मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि आई, डिसेंबरातला रविवार धरला, डोंबिवलीहून पहाटेची कर्जत लोकल पकडली आणि सात वाजता नेरळला उतरलो. मला वाटलं आपण जिंकलो. मिनी ट्रेनच्या खिडकीपाशी गेलो तर तिथे ऑलरेडी रांग. त्यातली निम्मी माणसं होती आणि निम्म्या पिशव्या, एक तर नुसतं हेल्मेट होतं. हेल्मेट रांगेत उभं, मालक चहा पितोय.

नेरळहून वर जायचं तिकीट आधी बुक होत नाही, त्याच दिवशी त्याच खिडकीवर, गाडी सुटायच्या पाऊण तास आधी मिळायला लागतं. डबे इवलेसे, सीट मोजक्या, आणि सकाळच्या दोन गाड्या. पहिली पावणेनऊच्या आसपास आणि दुसरी साडेदहाच्या आत, पण वेळा बदलतात म्हणून आदल्या दिवशी बघून घ्या. आमच्यापुढे सहाजण असताना खिडकी बंद झाली. रांगेतला एक अनुभवी गृहस्थ म्हणाला थांबा हो, दुसऱ्या गाडीचं नक्की मिळतं. आम्ही थांबलो असतो तर मिळालंही असतं कदाचित, पण आई तासभर उभी राहून पार वैतागली होती आणि बाहेर टॅक्सीवाले "दस्तुरी, दस्तुरी" ओरडत होते. गेलो. पहिली चूक ती.

टॅक्सीबद्दल माझी तक्रार नाही. शेअरमध्ये सीट भरली की सुटते, आठ-नऊ किलोमीटरचा घाट, वळणं अशी की लेकीनं डोळे मिटून घेतले. दस्तुरीला गाड्यांचा रस्ता संपतो, पुढं माथेरानात मोटारगाडी नाही. तिथे नगरपालिकेचा प्रवासी कर भरायचा, पावती जपून ठेवायची, आणि मग तो माणूस भेटतो.

टोपी घातलेला, हातात वेताची काडी, बोलणं एकदम घरच्यासारखं. "आजींना कशाला चालवताय ताई, तीन किलोमीटर आहे. शटल? शटल आज बंद आहे, इंजिन बिघडलंय सकाळपासून." मी विचारलं ई-रिक्षा? "त्या शाळेच्या पोरांसाठी असतात." नवऱ्यानं मला बाजूला घेऊन म्हटलं, जरा पुढं जाऊन बघूया का, तर मीच म्हणाले अरे तो इथलाच माणूस आहे, त्याला माहीत नसणार का? त्याला माहीत होतंच. प्रश्न तो नव्हता.

एका घोड्याचे सातशे सांगितले, सहाशेला ठरलं. आईला वर चढवायला तिघं लागले. ती आयुष्यात कधी घोड्यावर बसली नव्हती, खोगीर दोन्ही हातांनी घट्ट धरून ती "हळू रे बाबा, हळू रे" करत होती आणि जिथे पेव्हर ब्लॉक टाकलेत तिथे घोड्याचा नाल एकदा सर्रकन घसरला तेव्हा माझाच श्वास अडकला. आम्ही तिघं मागून तांबड्या धुळीतून चालतोय. साधारण वीस मिनिटं झाली असतील, आणि झाडांतून शिट्टी ऐकू आली.

शटल! आमच्या शेजारून, हाताच्या अंतरावरून म्हणाना, खडखडत गेली. खिडकीतून एका बाळानं आईला टाटा केला. आईनं टाटा केला नाही, तिचे हात खोगिरावर होते. मी घोडेवाल्याकडे बघितलं तर तो एकदम लक्ष देऊन लगामाची गाठ तपासायला लागला. नंतर म्हणतो, "दुरुस्त झालं वाटतं." बाजाराच्या तोंडाशी उतरवलं आणि हॉटेलपर्यंत यायचे वरचे शंभर मागितले. दिले मी. भांडायची ताकद नव्हती.

सगळे घोडेवाले असे नाहीत हे मला माहीत आहे, परतताना एका म्हाताऱ्यानं आम्हाला स्वतःहून स्टेशनचा रस्ता दाखवला. आणि हा प्रकार नवा नाही, २०२५ च्या मार्चमध्ये पर्यटकांची अशी फसवणूक होते म्हणून माथेरानकरांनीच गाव बंद ठेवलं होतं. म्हणजे गावालाही याचा त्रास आहे. पण तुम्ही सावध राहा. घोडा हवाच असेल तर खुशाल घ्या, फक्त कुठपर्यंत नेणार आणि किती घेणार हे चढायच्या आधी पक्कं करा. हातरिक्षाच्या भरवशावर तर वयस्कर माणसांना नेऊच नका, २०२५ मध्येच सुप्रीम कोर्टानं त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलंय.

वर काय बघितलं ते लिहीत नाही. इको पॉइंट, शार्लट लेक, माकडं, चिक्की. सगळ्यांना माहीत आहे, छान आहे.

पण मी हट्टी आहे. पंधरा दिवसांनी बुधवारी परत गेलो. शाळेला दांडी, नवऱ्याची रजा, आईचं "आता पुरे गं" मोडून काढलं. आदल्या रात्री नेरळमध्येच ओळखीच्यांकडे राहिलो आणि सव्वासहाला मी खिडकीसमोर. पहिली नाही, चौथी. एक थर्मास माझ्या पुढे होता. पण तिकीट मिळालं, चार, सेकंड क्लास, माणशी शंभरच्या आत. तिकीट हातात आल्यावर मी आईला फोनवर जवळजवळ किंचाळले.

तर गाडीबद्दल खरं खरं. दोन रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, त्यामुळे डबाही अरुंद, समोरच्या माणसाच्या गुडघ्याला गुडघा लागणारच. उंच माणसांचे हाल. वीसेक किलोमीटरला अडीच तासांच्या वर लागतात, म्हणजे धावणारा माणूस पुढं निघून जाईल. गाडीत टॉयलेट नाही, नेरळलाच जाऊन या. ज्यांना "वेळ वाया जातो" असं वाटतं त्यांनी बसूच नये, टॅक्सी अर्ध्या तासात पोचवते. पण नेरळच्या जेमतेम चाळीस मीटरवरून माथेरानच्या आठशे मीटरवर ही गाडी रॅक-बिक, म्हणजे चढावरचा दात्यांचा रूळ वगैरे, काही न लावता नुसती वळणं घेत घेत चढते हे आत बसल्याशिवाय कळत नाही. मुंबईचे उद्योगपती आदमजी पीरभॉय यांच्या पैशानं त्यांच्या मुलानं १९०७ मध्ये हे पूर्ण केलं, आणि एवढ्या सगळ्या डोंगरात बोगदा फक्त एक, तोही इतका छोटा की नाव वन किस टनेल. लेकीनं विचारलं वन किस म्हणजे काय, तोवर बोगदा संपला होता.

डावीकडे बसू की उजवीकडे यावर भांडू नका. गाडी इतकी वळते की दरी एकदा तुमच्या बाजूला आणि एकदा त्यांच्या बाजूला येते, फक्त खिडकी मिळवा. जुम्मापट्टीला थांबली तेव्हा पाय मोकळे करून घेतले. वॉटर पाइप स्टेशननंतर पेबचा किल्ला समोर येतो आणि खाली नेरळची घरं काडेपेट्यांसारखी दिसतात, तिथे आईनं पर्समधून चष्मा काढला आणि पुढची वीस मिनिटं काही म्हणजे काही बोलली नाही. तिला ओळखणाऱ्यांना कळेल हे किती मोठं आहे.

आता ज्यांना पावसात जायचंय त्यांच्यासाठी. ती हिरवीगार रील्स बघून जाऊ नका. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, कधी कधी बंद आणखी लांबतो. दरडी कोसळतात, २००५ च्या २६ जुलैला तर रूळच वाहून गेले होते आणि पुढं २००७ पर्यंत गाडी नव्हती. धुक्यात दिसते ती गाडी अमन लॉज ते माथेरानची शटल, पंधरा-वीस मिनिटांची. ती पावसातही सहसा चालू असते, मजा येते, पण घाट चढण्याची मजा ती नाही. आधी कळलेलं बरं.

पुणेकरांना वाईट बातमी. पहाटेची गाडी धरली तरी कर्जतलाच आठ वाजतात, तिथून मुंबईकडची लोकल घेऊन दुसरं स्टेशन नेरळ. पहिल्या गाडीची रांग तोवर संपलेली असते. एकतर रात्री नेरळला राहा, नाहीतर दुसऱ्या गाडीवर नशीब आजमावा. रविवारी तर दोन्हींचा नाद सोडा, सरळ टॅक्सी आणि शटल. शनिवार-रविवारी एका दिवसात मिनी ट्रेनचा हट्ट म्हणजे रांगेत काढलेला दिवस, माझं स्पष्ट मत.

बूट घाला. त्या लाल मातीत पांढरे कपडे घालून येणाऱ्यांची मला फार दया आली.

परतताना शटलनं अमन लॉजला उतरलो. शटलचं परतीचं तिकीट संध्याकाळी मिळेल म्हणून बसू नका, गर्दी असते, जेवायच्या आधीच स्टेशनवर जाऊन शेवटची गाडी कधी ते विचारून या. चुकली तर पाऊणएक तास चालायचं आणि डिसेंबरात सहानंतर झाडांखाली मिट्ट काळोख असतो. तर दस्तुरीकडे येतोय आणि गेटजवळ तोच. तीच टोपी, तीच काडी. समोर एक नवं लग्न झालेलं जोडपं, दोन मोठ्या बॅगा. "शटल आज बंद आहे साहेब."

मी तोंड उघडायच्या आत माझी लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, आपण आत्ता त्यातूनच आलो ना?"

जोडपं थांबलं. तो माणूस हसला, मला ओळखलं की नाही कोण जाणे, आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. नवरामुलगा मला म्हणाला थँक्यू काकू. काकू म्हणाला म्हणून नवरा खाली नेरळपर्यंत हसत होता.

आणि हो, उतरतानाच्या टॅक्सीत ज्याला गाडी लागते त्याला पुढं बसवा. मागच्या सीटवर मी बसले होते, शेवटची चार वळणं तोंडावर ओढणी धरून काढली.